अक्काला सांगितलेले शंभर टक्के

बेंगळुरात चामराजपेटच्या चौथ्या मेन रोडला रघुजी चव्हाणांना ‘कॉफी घेणार का’ असं विचारणारा माणूस परगावचा समजावा. गल्लीतल्या कुणालाही उत्तर ठाऊक आहे. रघुजी आधी आभाळाकडे बघतात, मग कपाकडे, आणि म्हणतात, “शक्यता आहे.” कोपऱ्यावर फोटोंना चौकटी करून देणारे आप्पाजी त्यांच्यापुढे मुकाट्याने अर्धा कप ठेवतात. शक्यता म्हणजे निम्मी, असा आप्पाजींचा हिशेब, आणि वीस वर्षांत रघुजींनी त्यावर हरकत घेतलेली नाही.

माणूस जन्मापासून असा नव्हता. चौतीस वर्षं सरकारी हवामान खात्यात नकाशे भरले, त्याने असा झाला. ठिकठिकाणचे आकडे यायचे. रघुजी प्रत्येक गावाच्या जागी एक बारीक गोल काढायचे, गोलाला वाऱ्याची शेपटी लावायचे, शेपटीला वेगाच्या काड्या. मग पेन्सिलीने सारख्या दाबाच्या रेषा. त्या रेषा अशा सुबक की साहेब लोक त्यावर बोट ठेवायलाही बिचकत. अंदाज मात्र साहेब सांगायचे. चुकला तर बोलणीही साहेब खायचे. रघुजींनी चौतीस वर्षांत खात्यात एकही अंदाज स्वतःच्या तोंडाने सांगितला नाही. पण ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘नाकारता येत नाही’ ही भाषा अंगात भिनली ती भिनलीच. लग्नाच्या वेळी मुलगी पाहून आल्यावर वडिलांनी विचारलं, पसंत आहे का. रघुजी म्हणाले, “परिस्थिती अनुकूल आहे.” ती माउली पस्तीस वर्षं अनुकूल परिस्थितीत नांदली आणि नऊ वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी कॅनडात. ती फोनवर ‘बाबा, बरे आहात ना’ असं विचारत नाही. ‘बरे असण्याची शक्यता किती’ असं विचारते, आणि रघुजी पंचाऐंशी म्हणाले की फोन ठेवते.

तर अशा माणसाची थोरली बहीण समुद्रकाठी राहावी, ही दैवाची खोडीच म्हणायची.

सगुणाबाई रघुजींपेक्षा सात वर्षांनी मोठ्या. म्हणजे आता एकोणऐंशी. त्यांना बेंगळुरातून तंजावरच्या मराठी घराण्यात दिलं. यजमान शाळेत हेडमास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी तरंगंबाडीच्या जवळ एका कोळ्यांच्या गावात घर बांधलं, पाण्यापासून चारशे पावलांवर. त्याच्या चार वर्षं आधी तिथे त्सुनामीची मोठी लाट येऊन गेली होती, त्यामुळे जागा मातीमोलाने मिळत होत्या, आणि हेडमास्तरांना स्वस्तात मिळालेली कुठलीही वस्तू भक्कम वाटायची. घर बांधून तीन वर्षांत ते गेले. सगुणाबाई मात्र तिथेच राहिल्या. मुलगा अभिराज तंजावरला, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, नोकरी बरी, स्वभाव त्याहून बरा. तरी आईने तिकडे जाऊ नये, याचं कारण सांबार.

हे जरा नीट सांगायला हवं. सून रक्षिता आपल्या बेंगळूरची. तिने सासरच्या पहिल्या दिवाळीत सांबारात गूळ घातला, जसा इकडे घरोघरी घालतात. सांबार हा पदार्थच मुळी तंजावरच्या मराठी राजवाड्यातला, अशी सगुणाबाईंची पक्की समजूत. हेडमास्तरांच्या आजोबांचा त्यात काही हात होता, इथवर त्यांची मजल जाते. त्यांनी एक घास घेतला, वाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, “पायसम चांगलं झालंय.” रक्षिताही काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. ती म्हणाली, “अजून वाढू का?” त्या दिवसापासून, म्हणजे आज सहा वर्षं, सगुणाबाईंनी तो जिना चढलेला नाही. मुलगा महिन्यातून एकदा गावी जाऊन त्यांना भेटतो. सून फोनवर नमस्कार सांगते. सगुणाबाई तो मुलाकडून ऐकून घेतात.

आणि दर भाऊबीजेला रघुजी बेंगळूरहून जातात. रात्रभर गाडी, मग बस, मग शेअर रिक्षा. ओवाळून घेतात, दोन दिवस राहतात, परत येतात.

यंदा दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. बेंगळूरला समुद्र नाही, पण चेन्नईकडे वादळ आलं की इथे तीन दिवस ऊन दिसत नाही आणि कपडे वाळत नाहीत; त्यामुळे रघुजींकडे लोकांची ये-जा सुरू झाली. रविवारी त्या क्षेत्राचं चक्रीवादळ झालं. त्याला नावही मिळालं, वाळवंटातल्या कुठल्याशा देशाने सुचवलेलं. रघुजींनी माळ्यावरून जुना कोरा नकाशा काढला, जेवणाच्या टेबलावर अंथरला आणि पेन्सिलीला टोक केलं.

वरच्या मजल्यावर शुभदा राहते. पुण्याची. मारतहळ्ळीच्या पलीकडे कुठल्याशा कंपनीत जाते, म्हणजे आठवड्यातून दोनदा जाते आणि बाकीचे दिवस वरून खुर्ची सरकवल्याचे आवाज येतात. सोमवारी सकाळी ती खाली आली ती हातात फोन घेऊनच. फोनवर रंगीत भोवरा फिरत होता.

“काका, मी सगळी मॉडेल्स चेक केली. लाइन सरळ कडलूरला जातेय. गुरुवारी सकाळी लँडफॉल. आत्यांचं गाव तर खाली ऐंशी किलोमीटरवर. शी इज सेफ.”

“लाइन वादळाची नाही,” रघुजी म्हणाले. “लाइन आपली आहे.”

“म्हणजे?”

रघुजींनी तिच्या फोनवरच्या रेषेभोवतीचा फिका पट्टा दाखवला. पुढे जाईल तसा रुंदावणारा, कागदी डोसा सुरळी करून आडवा ठेवावा तसा. “वादळाचं केंद्र ह्या सगळ्यात कुठेही जाऊ शकतं. तीन दिवस आधी शे-दीडशे किलोमीटरचा फरक पडतो. मधोमध रेष काढतात, कारण रेष काढली नाही तर लोकांना नकाशा काढल्यासारखा वाटत नाही.”

“ओके. पण समजा थोडं खाली आलं, तरी वारा नव्वदचाच दाखवतायत. घर पक्कं आहे ना?”

“वाऱ्याने घर पडत नाही तिथे. पाण्याचं बघ.” त्यांनी ताकाचं पातेलं पुढे ओढलं आणि त्यात पळी घड्याळाच्या उलटी फिरवली. “हे वादळ. पूर्वेकडून येतंय. केंद्राच्या उत्तरेला वारा समुद्राकडून जमिनीकडे. पाणी ढकलत आणतो. दक्षिणेला जमिनीकडून समुद्राकडे. पाणी ओढून नेतो. केंद्र कडलूरला गेलं तर अक्का दक्षिणेला. तिच्या दारातला समुद्र उलट आत हटेल. पण तेच केंद्र शंभर किलोमीटर खाली उतरलं, तर अक्का उत्तरेला.”

शुभदाने पातेल्यात पाहिलं. थोडं ताक टेबलावर आलं होतं, नेमकं नकाशावर, नेल्लोरच्या बाजूला.

“आणि गुरुवारी काय आहे?” रघुजींनी विचारलं.

“भाऊबीज.”

“अमावास्येनंतरचा दुसरा दिवस. समुद्राला उधाण. सकाळी साडेआठ-नऊला भरती. वादळही त्याच सुमाराला.”

शुभदा म्हणाली, “मग काका, चान्स किती?”

रघुजींनी हिशेब केला. कागदावर केला, मग मनात, मग पुन्हा कागदावर. “तीस ते पस्तीस.”

“मग सांगा ना त्यांना.”

हेच तर अवघड होतं. तेरा वर्षांपूर्वी असंच एक वादळ आलं होतं. तेव्हा रघुजींनी अक्काला फोन करून ‘किनारपट्टीच्या काही भागात पाणी शिरण्याची शक्यता नाकारता येत नाही, साधारण चाळीस टक्के’ असं कळवलं. सगुणाबाई शेजारच्या गावातल्या शाळेत तीन दिवस सतरंजीवर झोपल्या. वादळ वळलं आणि आंध्रात गेलं. गावात लख्ख ऊन पडलं, आणि त्या उन्हात कुणीतरी त्यांच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब उचलून नेला. माहेरचा बंब. तेव्हापासून रघुजींनी फोनवर हवेचा विषय काढला की पलीकडून एकच प्रश्न येतो, “बंबाचं काय झालं?”

तीस-पस्तीस टक्क्यांत अक्का हलणार नाही, हे रघुजींना स्वच्छ दिसत होतं. आणि टक्के तर तेवढेच होते.

सोमवारी दुपारी त्यांनी फोन लावला. शुभदा समोर बसली होती. तिची मीटिंग चालू होती, पण तिने आवाज बंद केला होता.

“अक्का, वादळ येतंय.”

“टीव्हीवर आलंय. कडलूरला जातंय.”

“खाली येऊ शकतं.”

“येऊ दे. किती टक्के?”

टेबलावर तीस ते पस्तीस लिहिलेला कागद होता. त्यांनी तो पालथा घातला.

“शंभर,” ते म्हणाले.

पलीकडे कोंबडी ओरडत होती.

“किती?”

“शंभर टक्के. गुरुवारी सकाळी समुद्र तुझ्या घरात येणार. तू बुधवारी तंजावरला जा. अभिराज गाडी घेऊन येईल.”

“बंबाच्या वेळी किती होते?”

“चाळीस.”

“मग आत्ताच शंभर कुठून आणलेस?”

“तेव्हा मी नोकरीत होतो.”

“रघू,” सगुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “तुझी तब्येत बरी आहे ना?”

“माझी? बरी आहे.”

“बरी आहे? नक्की बरी?”

“अगदी बरी आहे.”

झालं. ज्या भावाने बहात्तर वर्षांत ‘बरा असावा’ याच्या पुढे पाऊल टाकलं नाही, तो एका फोनमध्ये शंभर म्हणाला आणि वर अगदी बरी म्हणाला. सगुणाबाईंनी फोन ठेवला आणि लगेच मुलाला लावला. अभिराजने पुढे सांगितलं ते असं, की आई म्हणाली, मामाला काहीतरी झालंय, डोक्यातलं असेल नाहीतर छातीतलं, तो आपल्याला सांगत नाही. जाणाऱ्या माणसाला असं सगळं स्वच्छ दिसायला लागतं म्हणतात, आमच्या सासऱ्यांचं तसंच झालं होतं. वादळाचं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांचा पुन्हा रघुजींना फोन.

“तू इकडे येऊ नकोस. एवढ्या लांब बस, रिक्षा, नको. तंजावरपर्यंतच ये. मी येते तिथे ओवाळायला.”

“अभिराजकडे?”

“दुसरं कुठलं घर आहे तिथे? बहिणीने भावाला दुसऱ्याच्या दारी ओवाळायचं, असं आपल्यात कधी झालं नाही. पण सरी, असू दे. तुझी दशा बघता चालवून घेते.”

“जिना चढशील?”

“तुझ्यासाठी चढते. तिच्या सांबारासाठी नाही.”

आता इथे एखाद्याने गैरसमज दूर केला असता. रघुजींनी तो केला नाही. उलट ते जरासे खोकले. शुभदा हे आजही गल्लीत सांगते, आणि रघुजी म्हणतात, खोकला खरा होता. तसं असण्याची शक्यता आहे.

मंगळवारी लक्ष्मीपूजन आटोपून त्यांनी रात्रीची गाडी धरली. निघताना आप्पाजींनी दुकानातून हाक मारली, “राव, म्हातारीला शंभर सांगितलेत म्हणे. आम्हाला पावसाचं विचारलं तर चाळीसच्या वर कधी गेला नाहीत.”

“तुमचं कपड्यांपुरतं असतं,” रघुजी म्हणाले.

गाडीत त्यांना झोप लागली नाही. वादळ आलं तर काय, हा घोर नव्हता. आलं नाही तर काय, हा होता. केंद्र कडलूरलाच गेलं, आणि पासष्ट टक्के ते तिकडेच जाणार होतं, तर अक्का पुढच्या वेळी ऐंशीलाही हलणार नाही. शिवाय आजारपण खोटं निघणार. बंब गेला तेव्हा तिने दीड वर्ष अबोला धरला होता. एकोणऐंशीव्या वर्षी दीड वर्षाचा अबोला परवडत नाही, हे गणित नकाशाशिवायही जमतं.

बुधवारी दुपारी अभिराज आईला घेऊन आला. सगुणाबाईंनी पिशवीत चांदीचं निरांजन, ओवाळणीचं तबक आणि डब्यात स्वतःचं सांबार आणलं होतं. दार रक्षिताने उघडलं.

“या आत्या.”

“रघू कुठाय? झोपलाय का?”

रघुजी गॅलरीत खुर्चीवर बसून तिसरा मेदुवडा खात होते. सगुणाबाईंनी त्यांचा हात धरला, नाडी पाहिली, डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली.

“रंग तर बरा आहे,” त्या संशयाने म्हणाल्या.

“वरवर तसंच दिसतं,” रक्षिता म्हणाली. ती आधीच सामील झाली होती.

गुरुवारी पहाटेपासून तंजावरला धो धो पाऊस. सातला टीव्हीवर बातमी, वादळ कमजोर पडलं, वारा साठावर आला. साडेसातला आप्पाजींचा फोन, “राव, तुमचं वादळ फुस्स.” सगुणाबाईंनी हे ऐकलं. त्यांनी तबकात सुपारी ठेवली, रघुजींकडे पाहिलं, आणि निरांजन पेटवण्याआधी म्हणाल्या, “ओवाळून घेते. मग बोलू.”

रघुजी पाटावर बसले. कपाळाला कुंकू लागलं, डोक्यावर अक्षता पडल्या. त्यांचं लक्ष शुभदाने पाठवलेल्या फोनवरच्या चित्राकडे होतं. वारा साठ झाला होता खरा. पण केंद्र मध्यरात्रीपासून दक्षिणेला सरकत आलं होतं आणि आता कारैक्कालच्याही खालून जमिनीवर चढत होतं. अक्काचं गाव त्याच्या उत्तरेला. वारा थकला, पण दोन दिवस त्याने जे पाणी ढकलत आणलं, ते काही टीव्ही बघत नव्हतं. आणि घड्याळात पावणेनऊ.

“फोन खाली ठेव,” सगुणाबाई म्हणाल्या. “ओवाळताना बहिणीकडे बघावं.”

अकरा वाजता सेल्वीचा फोन आला. सेल्वी म्हणजे सगुणाबाईंची शेजारीण, मासळी विकते. सगळं गाव पोलिसांनी आदल्या संध्याकाळीच शाळेत हलवलं होतं. माणूस एकही गेला नाही. पाणी मात्र आलं. वाऱ्यासारखं गर्जत नाही, म्हणाली, भात उतू जावा तसं आलं, आणि अर्ध्या तासात गल्लीत कमरेएवढं. पाटींचं, म्हणजे आजीबाईंचं, घर जोत्यावर आहे, म्हणून पुढच्या खोलीत गेलं नाही, पायऱ्यांवर थांबलं. मागच्या पडवीत मात्र शिरलं. पडवीची भिंत गेली. पाटींची खाट देवळापलीकडच्या बाभळीत अडकून बसली आहे.

सगुणाबाई बारा महिने त्या पडवीत झोपायच्या. समुद्राचा वारा येतो म्हणून. पोलिस गावात येत तेव्हा त्या मागचं दार लावून बसत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बंबानंतर त्या कुणाचं ऐकत नसत.

रक्षिताने सासूपुढे पाण्याचं भांडं ठेवलं. सगुणाबाई ते दोन्ही हातांनी धरून प्यायल्या.

मग म्हणाल्या, “म्हणजे घरात आलं नाही.”

“अक्का, पडवीत आलं.”

“तू घरात म्हणाला होतास. पडवीची घरपट्टी वेगळी.”

“तू तिथे झोपतेस.”

“झोपते. पण घर नव्हे ते. तुझे शंभर टक्के चुकले.”

“चुकले,” रघुजी म्हणाले. “शंभर नव्हतेच ते. पस्तीस होते.”

सगुणाबाईंनी भांडं खाली ठेवलं. “आणि तुझी तब्येत?”

“तब्येतीचं मी काही म्हणालो नव्हतो. बरी आहे म्हणालो होतो.”

त्यावर त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. आत भांड्यांचा आवाज येत होता. रक्षिता आत गेली, तिला त्यांनी परत पाठवलं नाही. जेवताना त्यांनी रघुजींना दोनदा वाढलं आणि एकदाही काही विचारलं नाही. अबोला असा ठरवून धरला असता तर तो चार-सहा महिने टिकला असता. पण संध्याकाळी पडवीच्या दुरुस्तीचा विषय निघाला, भिंत विटांची की दगडाची, आणि भावाला बजावून सांगायला तोंड उघडावंच लागलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणता आलं असतं. पण बहात्तर आणि एकोणऐंशी या वयात माणसं सुधारत नाहीत, फक्त बाजू बदलतात.

नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा कमी दाबाचं क्षेत्र झालं. सगुणाबाईंनी स्वतः फोन केला. “किती?”

“पंधरा. फार तर वीस.”

“सरी,” त्या म्हणाल्या, पिशवी घेतली आणि संध्याकाळी तंजावरला हजर. ते क्षेत्र समुद्रातच विरलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरं. तेव्हा दहा टक्के होते, तरी आल्या. दुसऱ्या आठवड्यात तिसरं. त्याला अजून धड आकारही नव्हता. रघुजी ‘सांगता येत नाही’ म्हणाले, आणि सगुणाबाईंच्या मते हे सर्वांत वाईट लक्षण होतं. या खेपेस त्यांनी कोंबडीही बरोबर आणली.

शुक्रवारी दुपारी रक्षिताने रघुजींना फोन केला. ती गॅलरीतून दबक्या आवाजात बोलत होती.

“मामा, टक्के स्वल्प कमी सांगता येतील का?”

“टक्के माझ्या हातात नसतात, रक्षिता.”

“दिवाळीत कुणाच्या हातात होते?”

रघुजींनी यावर पेन्सिलीचं टोक तपासलं.

“मी राहू नका म्हणत नाही,” रक्षिता म्हणाली. “स्वयंपाकघर पण दिलंय त्यांना. पण ओटा एक आणि चव दोन, सकाळ-संध्याकाळ. शिवाय कोंबडी गॅलरीत. निदान परत कधी जायचं, तेवढं तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात त्या आता.”

रघुजींनी टेबलावरचा नकाशा नीट केला, बोटाने एक रेष मागेपुढे चाचपली. वरच्या मजल्यावर शुभदाची खुर्ची सरकली.

“रविवारी निवळेल.”

“नक्की ना?”

त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. अंदमानच्या बाजूला, नकाशाच्या अगदी काठावर, एक गोल जरा जास्तच काळा वाटत होता.

“सोमवार धर,” ते म्हणाले.

“मामा, दोन खोल्यांत तीन माणसं आणि एक कोंबडी आहे.”

“म्हणूनच सोमवार म्हणालो,” रघुजी म्हणाले. “नकाशा बुधवार म्हणतोय.”